फ्रेमले काई होत नाई, साहेब!

अमरावती शहरात डोंगर म्हणावा असा एकच, मालटेकडी. चढायला लागून घाम पुसेपर्यंत शिवाजी महाराजांचा पुतळा येतो आणि डोंगर संपतो. अकोल्याला तेवढीही सोय नाही. तिथे चढ हवा असेल तर मोर्णेवरचा पूल गाठावा. बाकी सगळा पयानघाट, पूर्णेच्या काळ्या मातीचा, थापलेल्या भाकरीसारखा सपाट. उत्तरेला मेळघाट आहे, चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे. पण तिकडे जाताना वऱ्हाडी माणूस चारचाकीच्या मागच्या सीटवर बसून आलूबोंडे खात जातो.

अशा मुलखात सध्या गल्लोगल्ली दिसणारी नवी सायकल कोणती, तर माउंटन बाइक. मनगटाएवढे टायर, पुढे झटके खाणारा चिमटा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर. एवढी तयारी करून ती कुठे जाते? तर गाडगेनगरातून राजकमल चौकात. फारच अंगात आलं, तर छत्री तलावापर्यंत.

या सायकलीचा जन्म अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली वगैरे पोरांनी जुनाट, जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि १९७६ साली डोंगरावरून खाली सोडण्याच्या शर्यती सुरू केल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. खाली पोचलं की हब खोला, नवं ग्रीस भरा, पुन्हा डोंगर चढा. म्हणजे माउंटन बाइक पहिल्या दिवसापासूनच प्रत्येक फेरीला बिघडत होती, आणि दुरुस्ती हा खेळाचाच भाग होता. त्या पोरांनी कोणाकडे वॉरंटी कार्ड मागितल्याचं ऐकिवात नाही. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी या सायकली विकायची कंपनी काढली. बहुधा तिथपासून बिघाड हा खेळ उरला नाही, ग्राहकाचा दोष झाला.

आमचे साडभाऊ अकोल्याचे. कृषी विद्यापीठाच्या कार्यालयात जन्मभर फायली सांभाळून निवृत्त झाले. डॉक्टरांनी त्यांना साखरेसाठी रोज चालायला सांगितलं. साडभाऊंनी डॉक्टरांशी घासाघीस करून चालण्याचं सायकलीवर आणलं. अकोल्यात टिळक रोडवर सायकल मिळत नाही असं नाही, पण ‘अमरावतीले व्हरायटी राहते’ असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. अकोल्याच्या माणसाने अमरावतीबद्दल चांगलं बोलण्याचा हा दुर्मीळ प्रसंग मी वाया जाऊ दिला नाही. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, आम्ही दोघे दुकानात गेलो.

दुकानातला पोरगा चुणचुणीत होता. ॲलॉय, सस्पेन्शन, लॉकआउट असे शब्द तो फटाफट फेकत होता. साडभाऊंचे प्रश्न मात्र ॲटलसच्या काळातले.

“मडगार्ड कुठी हाय?”

“ते एक्स्ट्रा आहे, सर.”

“स्टँड?”

“एक्स्ट्रा.”

“घंटी?”

“तीही एक्स्ट्रा, सर.”

“अन् कॅरिअर?”

पोरगा हसला. “सर, एमटीबीला कॅरिअर नसतं.”

“मंग दळन कशावर आनाचं?”

या प्रश्नाला कॅलिफोर्नियाकडेही उत्तर नाही. शेवटी गल्ल्यावरून मालक उठून आले. त्यांनी फ्रेमवर दोन थापा मारल्या आणि व्यवहार पक्का करणारं वाक्य उच्चारलं, “याच्यावर कंपनीची वर्षानुवर्षाची वॉरंटी हाय. फ्रेमले काई होत नाई, साहेब!”

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. ते किती खरं आहे, हे पुढे पावसाळ्यात कळलं.

सायकल टेम्पोवर चढून अकोल्याला निघाली. जाताना तिने जो रस्ता पाहिला त्याची गंमत सांगायला हवी. अमरावती–अकोला महामार्ग वर्षानुवर्षं अर्धवट खोदून ठेवलेला होता. त्या काळात मूर्तिजापूरला जाऊन आलेला माणूस घरी आल्यावर आधी कंबर चाचपून पाहायचा. मग २०२२च्या जूनमध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबराचा सलग थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, जेमतेम सव्वापंचवीस किलोमीटरचा, आणि त्याला त्यांना दहा दिवस लागले होते. म्हणजे हा रस्ता माउंटन बाइकच्या लायकीचा होता तेव्हा आमच्याकडे ॲटलस होती. माउंटन बाइक आली तेव्हा रस्ता गुळगुळीत झाला होता.

योगायोग असा की हे डांबर टाकायला सुरुवात झाली ती ३ जूनला. तो दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने जागतिक सायकल दिन ठरवलेला आहे. त्याआधी दोनच वर्षं, २०२०च्या ३ जूनला, ॲटलस कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला होता. सायकल दिन आपण असे मनापासून साजरे करतो.

पहिला पाऊस पडला आणि सायकलने बोलायला सुरुवात केली. आधी कट-कट, मग खर्र. तिसऱ्या गिअरवर टाकली की ती आपल्या मनाने चौथ्यावर जायची, आणि चौथा लागला म्हणून पाय मारावा तर चेन दोन दात्यांच्या मध्ये बसून विचार करायची. पुढचा चिमटा खड्ड्यात दबला की दबलेलाच राही आणि पुढच्या चौकात अचानक वर येई. साडभाऊंनी कपाटातून वॉरंटी कार्ड काढलं, चष्मा लावला, आणि ज्या एकाग्रतेने शासन निर्णय वाचत तसं ते वाचून काढलं. संध्याकाळी मला फोनवर वाचूनही दाखवलं.

त्याचा सारांश असा. फ्रेमला वॉरंटी आहे. चिमट्याला आहे, पण थोडे महिने. टायर, ट्यूब, चेन, केबल, ब्रेक पॅड, बेअरिंग, सीट, ग्रिप यांना नाही, कारण ते ‘वापराने झिजणारे भाग’ आहेत. रंगाला नाही. गंजाला नाही. जास्त वजन टाकल्यास नाही. धंद्यासाठी वापरल्यास नाही. उड्या मारल्यास नाही. अधिकृत दुकानाबाहेर कोणी पाना लावल्यास मुळीच नाही. वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला, मूळ बिल असल्यास, आणि नेण्या-आणण्याचा खर्च ग्राहकाचा.

आता ही यादी वऱ्हाडाच्या नकाशावर ठेवून पाहा. अकोला जिल्ह्याचा मोठा भाग आणि अमरावतीचा काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या पाण्याने सायकल धुतली की आठ दिवसांत चेनला तांबूस रंग येतो, म्हणजे गंज गेला वॉरंटीबाहेर. बाभळीचा काटा मनगटाएवढ्या टायरलाही मोजत नाही, म्हणजे ट्यूब गेली. शेजारचं पोट्टं “काका, एक चक्कर मारतो नं” म्हणून नेतं आणि येताना मागच्या एक्सलवर मित्राला उभं करून आणतं. त्यात जास्त वजनही आलं आणि पहिल्या मालकाचा प्रश्नही आला.

राहता राहिल्या उड्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद चढते आणि अलगद उतरते. आमच्या गल्लीतला गतिरोधक एका रात्रीत, एका अपघातानंतर, उरलेल्या सिमेंटमध्ये झाला. तो चांगला उंच आणि अगदी अरुंद आहे. त्यावरून जाणारा प्रत्येक जण उडी मारतो, मग तो वॉरंटीत असो वा नसो. काळ्या मातीचं तर विचारूच नका. पेरणीच्या दिवसांत धुऱ्यावरून सायकल घातली की ती माती टायरच्या खाचांत बसते, तिथून चिमट्यात बसते, आणि शेवटी सायकल माणसाच्या खांद्यावर बसते.

कंपनीचा टोल-फ्री नंबर लागला. पलीकडच्या मुलीने हिंदीत फ्रेमचा नंबर मागितला. हा नंबर पायडलच्या धुरीखाली कोरलेला असतो, म्हणून साडभाऊंनी अंगणात सायकल उलटी केली आणि त्यांचे वडील, वय नव्वदीच्या घरात, खाटेवरून विचारते झाले, “काय सांडलं रे?”

“नंबर पाह्यतो, बाबा.”

“सायकलले नंबर? मंग लायसन बी लागत असन!”

फोटो गेले, व्हिडिओ गेला, बिल गेलं. चार दिवसांनी उत्तर आलं की छायाचित्रांत सायकलच्या चाकांना माती लागलेली दिसते, सबब बिघाड ‘अयोग्य वापरामुळे’ झालेला आहे. ज्या सायकलीच्या नावातच डोंगर आहे तिला माती लागली, हा वापर अयोग्य! साडभाऊंनी शासकीय सेवेत उत्तरं देण्याच्या अनेक तऱ्हा पाहिल्या होत्या, पण हे वाचून तेही दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, “ड्राफ्टिंग चांगलं हाय.”

तरी कंपनीने एक वाट ठेवली होती. जिथे घेतली त्या दुकानात सायकल प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी. म्हणून ती एसटीने अमरावतीला निघाली. अकोल्याच्या स्टँडवर कंडक्टरने तिच्याकडे आणि साडभाऊंकडे आळीपाळीने पाहिलं.

“सायकल हाय तं चालवत न्या नं, काका.”

“बिघडली हाय.”

“नवी दिसते.”

“नवीच हाय.”

“नवी हाय तं बिघडली कशी?”

हा प्रश्न पुढे दुकानदारानेही विचारला, कंपनीच्या माणसानेही विचारला, आणि शेवटी आमच्या सौभाग्यवतीनेही विचारला. बिघडलेली नवी वस्तू घेऊन माणूस कुठेही गेला की आरोपी तोच ठरतो. वस्तू त्याच्याशेजारी फिर्यादी म्हणून उभी असते.

दुकानात तपासणी झाली. दोष सापडला. मागचे गिअर बदलणारं यंत्र, ज्याला डिरेलर म्हणतात, ते फ्रेमला एका छोट्या कानाने लटकलेलं असतं. त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात. सायकल पडली किंवा बाजूने धक्का बसला तर आधी हँगर वाकावा आणि फ्रेम वाचावी, अशी त्यामागची योजना. आमचा हँगर वाकला होता. टेम्पोत वाकला, शेजारच्या पोट्ट्याने वाकवला की कारखान्यातूनच वाकून आला, हे हँगरलाच माहीत. पण हँगर वॉरंटीत येतो का? नाही. तो झिजणाऱ्या आणि वाकणाऱ्या वर्गातला. येते ती फ्रेम, जिला वाचवण्यासाठी तो वाकला!

तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वॉरंटी कार्ड लिहिणारा माणूस फार हुशार असतो. त्याला सायकल पुरती ठाऊक असते. काय मोडतं आणि काय मोडत नाही याच्या त्याने दोन याद्या केलेल्या असतात. जे मोडत नाही त्याची वॉरंटी तो आपल्याला देतो, जे मोडतं त्याचं बिल देतो. मालक पहिल्या दिवशी काय म्हणाले होते? फ्रेमले काई होत नाई.

दुकानाच्या भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीखाली पाटी होती: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ साडभाऊंनी ती वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तजेला आला. त्यांनी पिशवीतून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काढला. होय, ते तो छापून, पंच मारून, टॅग लावून आले होते.

मालकांना जे ऐकावं लागलं ते थोडक्यात असं. माल सदोष असेल तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. भिंतीवरची पाटी लक्ष्मीखाली लावली म्हणून तिला कायद्याचं बळ येत नाही. कंपनी देशाच्या कुठल्याही टोकाला असो, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो, तो फुकट. आणि ज्या प्रकरणात वस्तू प्रयोगशाळेत तपासायची गरज नाही ते तीन महिन्यांत, गरज असेल ते पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो.

“म्या तपासनीवालं प्रकरन करनार हाय,” साडभाऊ शांतपणे म्हणाले. “पाच महिने. मले टाइमच टाइम हाय.”

व्यापारी कायद्याला घाबरत नाही, वकिलाला तर नाहीच. तो निवृत्त कारकुनाला घाबरतो. मालकांनी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कंपनीकडून निरोप आला की हँगर बदलून मिळेल आणि चिमटाही, मात्र हे वॉरंटीखाली नव्हे तर ‘ग्राहकाप्रती सद्भावनेपोटी’. सायकल हातात पडली, पण साडभाऊंचा चेहरा उतरला. फाइल उघडण्याआधीच बंद झाली होती. पुढे २२ सप्टेंबर २०२५ला सायकलींवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, तेव्हा आणखी एक अर्ज लिहायला घेऊन त्यांनी तो फाडून टाकला. उन्हाळ्यात घाई केल्याचं दुःख कुठल्याच कलमात बसत नाही.

नवा चिमटा, नवा हँगर. तरी गिअर आपले खर्र करतच होते. मग मी त्यांना आमच्या मिस्त्रीकडे नेलं. लिंबाखाली एक लाकडी पेटी, एक पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप एवढंच त्याचं दुकान. या माणसाने आयुष्यभर चाकांचा आउट काढला, छर्रे बदलले, फ्रीव्हीलमधली कुत्री नीट बसवली. गिअरची सायकल पाहून तो आधी जे सगळे मिस्त्री म्हणतात तेच म्हणाला, “कोन हात लावला याले?”

मग खाली बसला. डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात. एक चेनला लहान चक्राच्या बाहेर पडू देत नाही, दुसरा मोठ्या चक्रावरून आऱ्यांत जाऊ देत नाही. तिसरं काम केबलच्या ताणाचं. नवी केबल थोडे दिवस वापरली की सैल पडते, म्हणूनच पहिली सर्व्हिसिंग महत्त्वाची. ती कोणी केलीच नव्हती. मिस्त्रीने सायकल उलटी केली, एका हाताने पायडल फिरवत दुसऱ्या हाताने केबलची बारीक फिरकी अर्धा अर्धा आटा फिरवली, आणि खर्र थांबली. हवा मात्र त्याला भरता आली नाही. याचा वॉल मोटरसायकलसारखा, त्याचा पंप जुन्या सायकलचा. “हवा पेट्रोल पंपावर मारा,” तो म्हणाला, “बाकी मी पाह्यतो.”

“किती झाले?”

“तीस द्या.”

साडभाऊंनी सवयीने विचारलं, “ग्यारंटी?”

मिस्त्रीने त्यांच्याकडे असं पाहिलं जणू त्यांनी लिंबाची कागदपत्रं मागितली. “मी रोज अठीच बसतो नं, बाप्पा. जाईन कुठी?”

एवढ्या मोठ्या व्यवहारातलं हे एकमेव आश्वासन असं होतं ज्याला अपवादांची यादी जोडलेली नव्हती. अडचण इतकीच की लिंब अमरावतीत आणि साडभाऊ अकोल्यात. त्यांच्या गल्लीतला मिस्त्री कधीच मोबाइलच्या दुकानात कामाला लागला. गिअरच्या सायकली आल्या, त्या वॉरंटी घेऊन आल्या. वॉरंटी आली म्हणून लोक मिस्त्रीकडे जाईनात, आणि वॉरंटी संपेपर्यंत मिस्त्री उठून गेला.

दिवाळीत साडभाऊंचा भाचा दर्यापूरकडच्या गावाहून आला. त्याला ती सायकल आवडली आणि साडभाऊंनी ती कार्डासकट देऊन टाकली. कार्ड तसंही दुसऱ्या मालकाला लागू नव्हतं. मागच्या महिन्यात आम्ही त्या गावी गेलो तर ती सायकल ओळखू येईना. लोहाराने तिला वेल्डिंग मारून भक्कम कॅरिअर लावलं होतं. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. वर पत्र्याचं मडगार्ड. डिरेलर काढून चेन एकाच चक्रावर पक्की बसवलेली. जास्त वजन, धंद्यासाठी वापर, अनधिकृत पाना, दुसरा मालक, माती आणि गंज, कार्डावरची प्रत्येक अट तिने एकाच वेळी मोडली होती आणि ती बिनआवाजाची चालत होती.

साडभाऊंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं, आणि कळवळून विचारलं, “अन् बाकीचे वीस गिअर?”

“डब्यात ठेवले, मामा,” भाचा कॅन बांधत म्हणाला. “थे वॉरंटीतले हाय नं, कायले खराब कराचे?”